एअर फ्रायरमधला मार्शमेलो फुगतो, तपकिरी होतो आणि कधी कधी चक्क उडतो

अमेरिकेत कॅम्पिंगला गेलं की रात्री काडीला मार्शमेलो टोचून शेकोटीवर भाजायचा आणि दोन ग्रॅहम क्रॅकरच्या (कणकेच्या गोडसर बिस्किटांच्या) मधे चॉकलेटच्या वडीबरोबर दाबून खायचा, याला स्मोर्स म्हणतात. 1927 साली गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेच्या पुस्तिकेत याची कृती छापली गेली, 16 मार्शमेलो, 16 क्रॅकर आणि 8 चॉकलेट बार, आणि आजही कुणी त्यात फार काही बदललेलं नाही. बदलली आहे ती राहायची जागा. न्यू जर्सीत किंवा शिकागोत अपार्टमेंटमधे राहणाऱ्या माणसाला बाल्कनीत साधा ग्रिल लावायची परवानगी बऱ्याच ठिकाणी नसते, शेकोटी तर लांबच, बाहेर बर्फ पडतोय आणि पोरं हट्ट धरून बसलेली. मग नजर जाते ओट्यावरच्या एअर फ्रायरकडे, ज्यात आत्तापर्यंत समोसे आणि कोथिंबीर वडी झालेली असते.

होतात का त्यात स्मोर्स? होतात, आणि चांगले होतात. पण शेकोटीवर जे घडतं ते आत घडत नाही, वेगळंच काहीतरी घडतं, आणि ते कळलं की वेळ-तापमानाचे आकडे पाठ करायची गरज पडत नाही.

आधी मार्शमेलो म्हणजे काय ते बघू. पूर्वी तो खरंच एका झाडाच्या मुळापासून करायचे, अल्थिया ऑफिसिनॅलिस नावाचं दलदलीत उगवणारं झुडूप, आपल्या भेंडी आणि जास्वंदीच्याच कुळातलं, त्यामुळे मुळात तोच चिकट बुळबुळीतपणा. आता त्या झाडाचा काही संबंध उरलेला नाही. आता असते साखर, कॉर्न सिरप म्हणजे मक्यापासूनचा साखरेचा पाक, पाणी आणि जिलेटिन नावाचं प्राण्यांपासून मिळणारं प्रथिन, आणि या सगळ्यात फेटून घातलेली भरपूर हवा. म्हणजे हा एक फेसच आहे, घट्ट झालेला. एक मोठा मार्शमेलो जेमतेम 7 ग्रॅमचा असतो, हे वजन लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

या फेसाला धरून ठेवतं ते जिलेटिन, आणि जिलेटिनची जेली 35 डिग्री सेल्सिअसच्या आसपासच वितळते, म्हणून तर मार्शमेलो तोंडात विरघळतो. तापवला की बुडबुड्यांच्या भिंती मऊ पडतात आणि आतली हवा पसरते. पण नुसती हवा 25 वरून 100 डिग्रीपर्यंत तापवली तर ती फक्त सव्वापट होते, आणि मार्शमेलो तर त्याच्याहून खूप जास्त फुगताना दिसतो. बाकीचं काम वाफेचं. 7 ग्रॅममधे साधारण 1 ग्रॅम पाणी असतं, आणि 1 ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ झाली तर ती दीड लिटरपेक्षा जास्त जागा घेते, म्हणजे त्यातला शंभरावा हिस्सा जरी बुडबुड्यांत शिरला तरी मार्शमेलो दुपटीच्या जवळ जातो. फुलका फुगतो तोही वाफेनेच, पण फुलक्यात एकच मोठा कप्पा असतो म्हणून तो टम्म होतो, इथे हजारो बारीक कप्पे आहेत म्हणून हळूहळू, उशी भरावी तसा वर येतो. बाहेर काढला की वाफेचं परत पाणी होतं, भिंती तर विरघळलेल्याच असतात, आणि दोन मिनिटांत सगळं खाली बसून सुरकुततं. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

आता तपकिरी रंग. याला सगळे सरसकट कॅरमल म्हणतात, पण दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक म्हणजे साखर स्वतःच तापून मोडते, साध्या साखरेच्या बाबतीत हे 160-170 डिग्रीच्या आसपास. दुसरी म्हणजे मेयार अभिक्रिया, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मेयार यांनी 1912 साली मांडलेली, जिच्यात प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि ठरावीक प्रकारच्या साखरा एकत्र येऊन रंग आणि भाजल्याचा वास तयार होतो, पावाच्या कवचावर होतं तेच. साधी साखर यात थेट भाग घेऊ शकत नाही, ग्लुकोज घेऊ शकतं. ते कॉर्न सिरपमधून मिळतं आणि अमिनो आम्लं जिलेटिनमधून. ही अभिक्रिया जोरात चालायला पृष्ठभाग 140 डिग्रीच्या वर जावा लागतो, आणि जोवर तिथलं पाणी उडून जात नाही तोवर तो जात नाही. म्हणून पहिली दोन मिनिटं पांढराशुभ्र मार्शमेलो नुसता बघत बसतो आपल्याकडे, आणि मग एकदम अर्ध्या मिनिटात सोनेरीचा काळा होतो. घात होतो तो या अर्ध्या मिनिटात.

शेकोटी आणि एअर फ्रायर यांच्यातला खरा फरक उष्णता कशी पोचते याचा. निखारा 800 डिग्रीच्या आसपास असेल तर तो भरपूर इन्फ्रारेड प्रारण फेकतो, आणि हे प्रारण केल्विनमधल्या तापमानाच्या (सेल्सिअसमधे 273 मिळवले की केल्विन) चौथ्या घाताने वाढतं. हिशोब केला तर 800 डिग्रीचा निखारा 200 डिग्रीच्या भिंतीपेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळातून 26 पट जास्त ऊर्जा बाहेर टाकतो. त्यामुळे शेकोटीवर बाहेरचं कवच झपकन भाजतं आणि आतला भाग, फेस असल्यामुळे उष्णता आत सरकतच नाही, तसाच कोमट राहतो. मग तो 7 ग्रॅमचा हलका जीव चॉकलेटला वितळवणार कशाने? शेकोटीवरच्या स्मोर्सबद्दल माझी तक्रार कायम हीच आहे की चॉकलेट कडकच राहतं आणि कुणी ते कबूल करत नाही.

एअर फ्रायर म्हणजे छोटा कन्व्हेक्शन ओव्हन, 2010 मधे फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात आणला तेव्हापासून घराघरात पोचलेला. वर कॉइल, त्याच्यावर पंखा, आणि गरम हवा जोरात फिरते. हवा तशी उष्णता द्यायला आळशी असते, कारण वस्तूभोवती थंड हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो, पंखा तो थर सतत खरवडून काढतो, म्हणून 190 डिग्रीलाही काम पटकन होतं. कॉइल जवळच असल्याने वरून थोडं प्रारणही मिळतं, म्हणून वरचा भाग आधी तपकिरी होतो आणि बाजू मागे राहतात. धूर मात्र नाही. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन जळताना ग्वायाकॉलसारखी संयुगं निघतात, शेकोटीचा तो वास त्यांचा, आणि तो इथे कुठल्याही बटणाने येणार नाही.

आणि पंखा हाच इथला व्हिलन. 7 ग्रॅमची गोष्ट आठवा. सुटा ठेवलेला मार्शमेलो त्या वाऱ्यात घरंगळतो, उचललाही जातो, आणि वर कॉइलला जाऊन चिकटला तर जळकी साखर, धूर आणि घरातला स्मोक अलार्म असा पुढचा कार्यक्रम. यावर सोपा उपाय म्हणजे मार्शमेलो आडवा अर्धा कापायचा आणि कापलेली ओली बाजू क्रॅकरवर दाबून चिकटवायची. कुणी टूथपिक खुपसतात, तेही चालतं. बेकिंग पेपर मोकळा टाकून प्रीहीट करू नका, तो तर आणखी लवकर उडतो.

तापमान 375 फॅरनहाइट, म्हणजे 190 सेल्सिअसच्या आसपास, वेळ 3 ते 5 मिनिटं, पण तिसऱ्या मिनिटापासून ड्रॉवर उघडून बघत राहायचं, कारण मशीनागणिक फरक पडतो. चॉकलेट सुरुवातीपासून ठेवायचं नाही. कोकोआ बटर 34 डिग्रीलाच वितळतं, पण मिल्क चॉकलेटमधली दूध पावडर आणि साखर त्या गरम वाऱ्यात करपतात, आणि मार्शमेलोच्या खाली ठेवलं तर वितळल्यावर मार्शमेलोच घसरून पडतो. रंग आला की मशीन बंद, वरून चॉकलेटची वडी आणि दुसरा क्रॅकर, आणि ड्रॉवर आत सरकवून मिनिटभर तसंच राहू द्यायचं. खालून मार्शमेलो, चहूबाजूंनी तापलेली जाळी, चॉकलेट बरोब्बर मऊ होतं. इथे एअर फ्रायर शेकोटीला सरळ हरवतो. भारतात ग्रॅहम क्रॅकर शोधत बसू नका, डायजेस्टिव्ह बिस्किट जवळपास तेच काम करतं.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर पाकीट नीट वाचा. जिलेटिन डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कातडी-हाडांपासून येतं, अमेरिकेत बहुतेक वेळा डुकराचंच. भारतात हिरवा ठिपका असलेले मार्शमेलो मिळतात, त्यात सहसा अगार किंवा कॅराजीनन हे समुद्री शेवाळातले पदार्थ असतात. अगारची जेली वितळायला 85 डिग्रीच्या आसपास जावं लागतं, त्यामुळे असा मार्शमेलो बराच वेळ आकार धरून राहतो, तार कमी सुटते, आणि वेगळं प्रथिन घातलेलं नसेल तर मेयारचा रंगही नीट येत नाही, फक्त साखरेचा येतो. अशा वेळी रंगाची वाट बघत बसलात तर करपेल, मऊ झाला की काढून घ्या.

राहिली जाळी. सांडून कडक झालेला मार्शमेलो चमच्याने खरवडू नका, नॉनस्टिक थर जाईल. साखर आणि जिलेटिन दोन्ही गरम पाण्यात विरघळतात, अर्धा तास भिजवलं की आपोआप सुटतं. पार काळं झालेलं मात्र सुटणार नाही, ती साखर राहिलेलीच नसते, त्यावर खायच्या सोड्याची पेस्ट लावून ठेवायची आणि सकाळी मऊ स्पंजने घासायचं.