टिंबामागची क्वेरी : जँगोतल्या संबंधित नोंदींची पार्श्वभूमी

जँगो या पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये बातमी.लेखक.नाव एवढं लिहिलं की लेखकाचं नाव हातात येतं. यातलं पहिलं टिंब मात्र फुकटचं नाही. बातमीच्या नोंदीत लेखकाचा फक्त क्रमांक असतो, म्हणून त्या टिंबावर जँगो गुपचूप डेटाबेसकडे जातो आणि लेखकाची नोंद घेऊन येतो. पान एकाच बातमीचं असेल तर याचा कुणाला पत्ताही लागत नाही. शंभर बातम्यांची यादी असली की यादीसाठी एक आणि लेखकांसाठी शंभर, अशा १०१ क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, सुटतात. हाच तो ‘एन प्लस वन’. नोकरीच्या मुलाखतीत तो हमखास विचारतात आणि उत्तरादाखल सिलेक्ट_रिलेटेड व प्रीफेच_रिलेटेड ही दोन नावं घडाघडा म्हणून दाखवली जातात. पण उपाय दोन का, एकानं का भागत नाही, आणि मुळात ही भानगड सुरू कुठे झाली? त्यासाठी जँगोच्याही चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बॅकमन यांनी आयडीएस नावाची प्रणाली बांधली. तिच्यात नोंदी एकमेकींना दुव्यांनी जोडलेल्या असत. एक मालक नोंद, तिच्याखाली साखळीनं जोडलेल्या सदस्य नोंदी. पुढे कोडासिल या संगणक उद्योगातल्या समितीनं याच विचाराला प्रमाण रूप दिलं. त्यात प्रोग्रामरचं काम असं : एक नोंद शोधा, तिथून ‘पुढची’ मागा, संपेपर्यंत मागत राहा, मध्येच वाटलं तर ‘मालक’ मागून वर जा. १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाल्यावर बॅकमन यांनी दिलेल्या व्याख्यानाचा विषयच हा होता, की प्रोग्रामर हा नोंदींच्या समुद्रातला नावाड्या आहे.

एडगर कॉड यांना हे नावाड्यांचं राज्य मान्य नव्हतं. आयबीएमच्या सॅन होजेतल्या प्रयोगशाळेत असताना १९७० साली त्यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की नोंदी दुव्यांनी नव्हे तर किमतींनी, म्हणजे दोन्हीकडे सारख्या असलेल्या क्रमांकासारख्या मजकुरानं, जोडा. काय हवं ते एका वाक्यात सांगा, वाट कुठली धरायची ते डेटाबेस ठरवेल. मे १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला भरलेल्या परिषदेत दोन्ही पक्षांचा जाहीर वाद झाला. त्याच परिषदेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉयस यांनी ‘सीक्वेल’ ही क्वेरीची भाषा मांडली. तिचंच पुढे एसक्यूएल झालं. निकाल लागायला आणखी दहाएक वर्षं गेली, पण तो कॉड यांच्या बाजूनं लागला. त्यांनाही १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

डेटाबेसपुरतं बोलायचं तर प्रकरण इथे मिटलं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मात्र नावाड्याला मागच्या दारानं परत घरात घेतलं.

झालं असं, की १९९० च्या दशकात स्मॉलटॉक, जावा अशा भाषांमध्ये सगळं ऑब्जेक्टच्या रूपात लिहिलं जाऊ लागलं आणि ऑब्जेक्ट म्हटलं की एकमेकांकडे बोट दाखवणं आलंच. टेबल आणि ऑब्जेक्ट यांच्यामध्ये दुभाष्या लागतो. तो म्हणजे ओआरएम (ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर). २००१ मध्ये गॅविन किंग यांनी जावासाठी हायबरनेट सुरू केलं. २००२ मध्ये मार्टिन फाउलर यांनी आपल्या पुस्तकात अशा दुभाष्यांचे प्रकार नावानिशी मांडले : ॲक्टिव्ह रेकॉर्ड, डेटा मॅपर, आयडेंटिटी मॅप, लेझी लोड. लेझी लोड म्हणजे गरज पडेल तेव्हाच नोंद आणणं. एकेक नोंद आणता आणता क्वेऱ्यांची लाट उठते, हा इशाराही त्यांनी तिथेच देऊन ठेवला होता. म्हणजे आपण आज ज्याच्यावर चरफडतो तो रोग जँगोच्या जन्माआधीच माहीत होता.

आणि बॅकमन यांच्या काळापेक्षा तो आता अधिक महाग पडतो. त्यांच्या नावाड्याचा प्रोग्राम आणि डेटा एकाच यंत्रावर असत. आजचा ॲप सर्व्हर वेगळा, डेटाबेस सर्व्हर वेगळा. एकाच डेटा सेंटरमध्येसुद्धा एका फेरीला साधारण अर्धा मिलिसेकंद धरतात. २०० फेऱ्या झाल्या की १०० मिलिसेकंद नुसते जाण्यायेण्यात गेले, डेटाबेसनं काम केलं ते निराळंच.

जँगोचा जन्म वर्तमानपत्रातला. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’च्या वेब विभागात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते लिहायला घेतलं. नंतर जेकब कॅप्लन-मॉस आले. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. वर्तमानपत्राचा धाक दोन गोष्टींत दिसतो. एक, सगळं लवकर हवं, आज दुपारी ठरलं तर संध्याकाळी पान चालू. दोन, पानाची मांडणी करणारा माणूस प्रोग्रामर असेलच असं नाही. म्हणून जँगोची टेम्पलेट भाषा, म्हणजे पानाचा साचा लिहायची भाषा, मुद्दाम दुबळी ठेवली. त्यात कंस नाहीत, हिशेब नाहीत, फक्त टिंबं. टिंबापुढे फंक्शन असेल तर ते आपोआप चालतं. परिणाम असा, की डेटाबेसकडे क्वेरी नेमकी कुठून जाते, तर एचटीएमएलच्या मधून. मांडणी करणारा एक ओळ वाढवतो आणि पानाच्या शंभर क्वेऱ्या वाढतात. पायथनची फाईल तपासून काही सापडत नाही. माझ्या मते जँगोत हा प्रश्न इतका चिवट राहिला त्यामागे ओआरएमइतकाच या टेम्पलेटचा हात आहे.

सुरुवातीच्या जँगोत क्वेरी लिहायची तऱ्हा आजच्या वाचकाला ओळखूही येणार नाही. मतदानाच्या उदाहरणात पोल.गेट_चॉइस_लिस्ट असली फंक्शनं फ्रेमवर्क स्वतःच तयार करायचं. ही जादू फार झाली असं जँगोच्या कर्त्यांनाच वाटलं आणि ‘मॅजिक रिमूव्हल’ या नावानं सगळं मोडून नव्यानं बांधलं. ते जुलै २००६ च्या ०.९५ या आवृत्तीत आलं. आजचा क्वेरीसेट तेव्हाचा. फिल्टर लावत राहा, क्रम सांगत राहा, खरंखुरं वाचायला लागल्याशिवाय तो डेटाबेसला हात लावत नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या माल्कम ट्रेडिनिक यांनी त्याचं आतलं सगळं यंत्र पुन्हा लिहिलं, आणि त्या पायावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १.० निघालं.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन उपायांपैकी सिलेक्ट_रिलेटेड जुना. तो सरळ एसक्यूएलचा जॉइन, म्हणजे दोन टेबलांची जोडणी, करतो. बातमीच्या ओळीतच लेखकाचे रकाने येतात आणि जँगो एका ओळीतून दोन ऑब्जेक्ट बनवतो. आधी तो आंधळेपणानं दिसेल त्या फॉरेन कीमागे (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीच्या क्रमांकामागे) जात असे, किती खोल जायचं ते ‘डेप्थ’नं आवरावं लागे. नंतर कोणते संबंध हवेत ते नावानं सांगायची सोय झाली आणि १.७ मध्ये डेप्थ काढूनच टाकलं. बरं झालं.

पण जॉइन चालतो तो एकाला एकच असेल तिथे. बातमीला एकच लेखक असेल तर बातमीच्या ओळी तेवढ्याच राहतात. बातमीला दहा टॅग असले की तीच बातमी दहा ओळींत येते, तिचा चार हजार अक्षरांचा मजकूर दहा वेळा तारेवरून वाहतो. सोबत पाच प्रतिक्रिया जोडल्या की पन्नास ओळी. रूबी भाषेतल्या रेल्स या वेब फ्रेमवर्कनं हे सोसून पाहिलं होतं. त्याचं जुनं ‘इन्क्लूड’ सगळी टेबलं एका अजस्र जॉइनमध्ये ओढायचं आणि रकान्यांना टी०_आर०, टी०_आर१ अशी टोपणनावं द्यायचं. लॉगमध्ये ती क्वेरी पाहिलेला माणूस ती सहसा विसरत नाही. जून २००८ च्या रेल्स २.१ मध्ये त्यांनी धोरण बदललं. प्रत्येक संबंधासाठी वेगळी क्वेरी काढायची आणि जुळणी रूबीत करायची. जँगोला तिथे पोचायला मार्च २०१२ उजाडला. १.४ मध्ये प्रीफेच_रिलेटेड आला.

त्याची रीत सोपी आहे. आधी शंभर बातम्या आणा. त्यांचे क्रमांक गोळा करा. ‘ज्यांचा बातमी क्रमांक या शंभरांपैकी आहे ते सगळे टॅग’ अशी एक क्वेरी करा. मग पायथनमध्ये ज्याचे टॅग त्याच्या पदरात घाला. १०१ ऐवजी दोन. त्याआधी जाणती मंडळी हेच हातानं, डिक्शनरी भरून करत होती. या रीतीला तिच्या स्वतःच्या कटकटी आहेत. क्रमांकांची यादी किती लांब असावी याला मर्यादा असते. ओरॅकल हा डेटाबेस वर्षानुवर्षं एका यादीत १००० च्या वर घेत नसे, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची जुनी आवृत्ती एका क्वेरीत ९९९ च्या वर किमती घेत नसे. ओरॅकलसाठी जँगो यादीचे तुकडे पाडतो. एसक्यूलाइटवर मात्र विकसकाच्या लॅपटॉपवर अचानक लाल अक्षरं दिसायची.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती वेगळ्याच जागी. प्रीफेच करून आणलेल्या टॅगांवर ‘ऑल’ म्हटलं तर आणलेलेच मिळतात. ‘फिल्टर’ म्हटलं तर ती नवी क्वेरी ठरते आणि पुन्हा डेटाबेसकडे धाव. म्हणजे आणलेलं वाया आणि वर शंभर फेऱ्या, आधीपेक्षाही वाईट. फ्रेमवर्कच्या दृष्टीनं हे बरोबर आहे, कारण फिल्टरचा अर्थ पायथनमध्ये तंतोतंत लावता येत नाही. अक्षरांची तुलना, क्रम, रिकाम्या किमती यांचे नियम प्रत्येक डेटाबेसचे वेगळे. तोडगा २०१४ च्या १.७ मध्ये मिळाला. प्रीफेच नावाचा ऑब्जेक्ट आला, त्याला आपला क्वेरीसेट देता येतो : फक्त मंजूर प्रतिक्रिया, ताज्या आधी. निकाल कोणत्या नावाखाली ठेवायचा तेही टू_ॲट्रनं सांगता येतं. तो साध्या लिस्टमध्ये येतो, त्यामुळे चुकून फिल्टर लावायचीही सोय उरत नाही.

आणणं एक, लावणं दुसरं. मोजदाद करायला २००९ च्या १.१ मध्ये ॲनोटेट आलं. प्रत्येक बातमीला टॅग किती, हे ते बिनचूक सांगतं. टॅग आणि प्रतिक्रिया दोन्ही एकदम मोजायला लावलं की गडबडतं. बातमीला ३ टॅग आणि ४ प्रतिक्रिया असतील तर जॉइनमध्ये १२ ओळी होतात आणि दोन्ही आकडे १२ येतात. चूक दाखवणारा संदेश येत नाही, पान झकास उघडतं, आकडा तेवढा खोटा असतो. जँगोच्या तक्रारवहीत हे १००६० क्रमांकाखाली वर्षानुवर्षं पडून आहे. अधिकृत माहितीतही तसा इशारा आहे. मोजणीत ‘डिस्टिंक्ट’ (एकच गोष्ट पुन्हा मोजू नको) घालून निभावतं, बेरजेत निभावत नाही. तिथे २०१७ च्या १.११ मध्ये आलेली सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या पोटातली क्वेरी, लागते.

टेम्पलेटमध्ये गट पाडायला रीग्रुप नावाची आज्ञा आहे. अधिकृत उदाहरणात शहरं देशांनुसार लावली आहेत आणि यादीत पहिलंच नाव मुंबईचं. यादी मुंबई, न्यूयॉर्क, कलकत्ता अशा क्रमानं दिली तर ‘इंडिया’ हा मथळा दोनदा छापला जातो, कारण रीग्रुप स्वतः क्रम लावत नाही. शेजारीशेजारी सारखे दिसले तेवढेच एकत्र बांधतो. क्रम क्वेरीतच लावून आणायचा असतो.

दरम्यान पहारेकरीही आले. जँगो डीबग टूलबार पानाच्या कडेला क्वेऱ्यांचा आकडा दाखवतो. रेल्सवाल्यांकडे २००९ पासून एन प्लस वन पकडून देणारं बुलेट आहे. रेल्स ६.१ मध्ये, डिसेंबर २०२० मध्ये, ‘स्ट्रिक्ट लोडिंग’ आलं. ते लावलं की न सांगता नोंद आणायला गेलेला कोड तिथेच कोसळतो. पीएचपी भाषेतल्या लॅराव्हेल या फ्रेमवर्कनं पुढच्या वर्षी तशीच सोय दिली. उलट टोकाला एसक्यूलाइटचे लोक आपल्या संकेतस्थळावर अभिमानानं सांगतात, की त्यांच्या एकेका पानाला २०० च्या आसपास क्वेऱ्या लागतात आणि काही बिघडत नाही. त्यांचा डेटाबेस प्रोग्रामच्याच पोटात बसलेला, त्यामुळे फेरीच मारावी लागत नाही. बॅकमन यांना ही मांडणी ओळखीची वाटली असती.

एक साधी मागणी मात्र फार काळ रखडली : प्रत्येक बातमीखाली ताज्या तीनच प्रतिक्रिया. प्रीफेचला दिलेल्या क्वेरीसेटचे पहिले तीन कापले की जँगो अडायचा, कापलेल्या क्वेरीला पुढे फिल्टर लावता येत नाही म्हणायचा. त्याचं खरं होतं. ‘पहिले तीन’ म्हणजे सगळ्या बातम्यांचे मिळून तीन, की प्रत्येकीचे तीन? दुसरा अर्थ एका क्वेरीत सांगायला विंडो फंक्शन लागतं. प्रत्येक बातमीच्या प्रतिक्रियांना १, २, ३ असे क्रमांक द्या आणि तीनपर्यंतचे ठेवा. विंडो फंक्शनं एसक्यूएलच्या २००३ च्या प्रमाणात होती, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २००९ साली आली. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटनं २०१८ पर्यंत वाट पाहायला लावली. एप्रिल २०२३ च्या जँगो ४.२ पासून प्रीफेचमध्ये कापलेला क्वेरीसेट चालतो, आणि त्याच आवृत्तीत मायएसक्यूएल ५.७ चा आधार काढून घेतला. जुन्या आवृत्तीवर अडकलेले प्रकल्प अजून सगळ्या प्रतिक्रिया आणून पायथनमध्ये तीन उचलतात.