पार्श्वभूमी: अभिजात कणांची मोजणी आणि क्रमगुणिताचा वाद

वायूतील रेणूंच्या वेगांचे वितरण १८६० मध्ये गणिताने मांडले गेले, १८६८ ते १८७७ या काळात त्याला ऊर्जेचा आणि संभाव्यतेचा व्यापक आधार मिळाला. इथपर्यंत दुमत नाही. वाद आहे तो अवस्था, म्हणजे कणांच्या जागा आणि वेग यांच्या शक्य मांडण्या, मोजण्याच्या एका पायरीचा.

प्रत्येक कणाला स्वतंत्र ओळख आहे असे धरून अवस्था मोजल्या, तर एकाच वायूने समान दाबाखाली व तापमानाला भरलेल्या दोन कप्प्यांमधला पडदा काढताच एन्ट्रॉपी (अवस्थांच्या संख्येवरून ठरणारे अव्यवस्थेचे माप) वाढल्याचे सूत्र सांगते. प्रत्यक्षात मात्र काहीच बदललेले नसते. हा दोष घालवण्यासाठी अवस्थांच्या संख्येला कणसंख्येच्या क्रमगुणिताने (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व पूर्णांकांच्या गुणाकाराने) भागतात. कणांच्या नुसत्या अदलाबदलीने मिळणाऱ्या अवस्था एकच मानाव्यात का, हा प्रश्न १९०२ मध्येच एका अमेरिकन ग्रंथात स्पष्टपणे चर्चिला गेला होता, आणि त्या एकच मानण्याकडे ग्रंथकाराचा कल होता. १९१२ पर्यंत एकअणू वायूच्या एन्ट्रॉपीचे सूत्र तयार होऊन पाऱ्याच्या बाष्पदाबाशी ताडूनही पाहिले गेले.

ढाक्याहून पाठवलेला प्रकाशकणांवरील निबंध १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या दोन वर्षांत क्वांटम सांख्यिकीच्या, म्हणजे क्वांटम नियमांनी कणांच्या अवस्था मोजण्याच्या, बोस-आइन्स्टाइन आणि फर्मी-डिरॅक या दोन्ही शाखा उभ्या राहिल्या. त्यानंतर पाठ्यपुस्तकांनी ‘कण मुळातच अविभेद्य असतात’ एवढ्या वाक्यात हा भागाकार निकालात काढला. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. दुधातील स्निग्धगोलक आकाराने एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात, तरी दुधाच्या दोन समान कप्प्यांमधला पडदा काढल्याने एन्ट्रॉपी वाढली असे कोणी म्हणत नाही. कणसंख्या बदलू शकते अशाच प्रक्रियेतून एन्ट्रॉपीचे कणसंख्येवरील अवलंबन ठरते, आणि कोणते कण कोणत्या कप्प्यात गेले याचे पर्याय मोजताना क्रमगुणित आपोआप येते. हा युक्तिवाद १९२० च्या सुमारास मांडला गेला, पण दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. गेल्या चार दशकांत तो पुन्हा चर्चेत आला आहे.

विरळ आणि उष्ण वायूत दोन्ही क्वांटम सांख्यिकी क्रमगुणिताने भागलेल्या याच अभिजात (क्वांटमपूर्व) सूत्राकडे झुकतात, हे खरे आहे. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूची औष्णिक तरंगलांबी (ज्या अंतरापर्यंत त्याचे क्वांटम तरंगरूप जाणवते ते अंतर) सुमारे ०.०२ नॅनोमीटर असते, तर रेणूंमधले सरासरी अंतर ३ नॅनोमीटरहून अधिक; म्हणून तिथे क्वांटम परिणाम नगण्य ठरतात. मात्र त्यातून दोन सिद्धांतांचा मेळ सिद्ध होतो. अभिजात भागाकाराला क्वांटमचा आधार अपरिहार्य आहे, हे सिद्ध होत नाही.