अतिनील मुक्त इलेक्ट्रॉन लेसर : रेणूंच्या अभ्यासामागची वाटचाल

सांगलीच्या पेठेतली हळद अल्कोहोलमध्ये विरघळवून प्रयोगशाळेतील 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली, की ती हिरवट-पिवळ्या रंगात चमकते. इथल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या विषयात शिरायला याहून जवळची वाट मला दिसत नाही. त्या प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा सुमारे 3.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणुरेणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) असते. तिच्यामुळे कुरकुमीन या हळदीतील पिवळ्या रंगद्रव्यामधील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि प्रकाश देत खाली येतो, पण रेणूतून सुटत नाही. बहुतेक लहान रेणूंतून इलेक्ट्रॉन काढायला 8 ते 13 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, पाण्याला 12.6. म्हणजे तरंगलांबी 150 नॅनोमीटरच्या खाली न्यावी लागते आणि तिथे हवाच प्रकाश शोषून घेते, काच निरुपयोगी ठरते, आरसेही नीट परावर्तन करत नाहीत.

असा प्रकाश पुढे ज्यातून मिळू लागला, त्या मुक्त इलेक्ट्रॉन लेसरची कल्पना जॉन मेडी यांनी 1971 मध्ये मांडली आणि 1977 मध्ये स्टॅनफर्डमध्ये असा लेसर अवरक्त प्रकाशात चालला. येथे इलेक्ट्रॉन अणूला बांधलेले नसतात. वेगवान झोत आलटूनपालटून मांडलेल्या चुंबकांमधून नागमोडी जाताना प्रकाश देतो, त्यामुळे झोताची ऊर्जा किंवा चुंबकीय क्षेत्र बदलून तरंगलांबी निवडता येते. पण लेसरमध्ये प्रकाश सहसा आरशांमध्ये मागेपुढे फिरवून वाढवतात, त्यामुळे आरशांची अडचण कायम होती. लांब चुंबकमालिकेतून एकाच फेरीत प्रकाश वाढवण्याच्या सिद्धांताने 1980 च्या दशकात मार्ग दाखवला आणि 2000 मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गला सुमारे 109 नॅनोमीटरवर तो प्रत्यक्षात आला. मात्र अशी वाढ झोतातील अनियमित चढउतारांपासून सुरू होत असल्याने प्रकाशाचा प्रत्येक क्षणिक स्पंद थोडा वेगळा निघतो. इटलीतील त्रिएस्ते येथील फर्मी यंत्रात 2010 पासून बाहेरच्या लेसरचा प्रकाश सुरुवातीला बीज म्हणून देऊन स्पंदांना शिस्त आणली गेली.

रेणुविज्ञानाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते चीनमधील दालियनचे यंत्र, कारण ते 50 ते 150 नॅनोमीटर या पट्ट्यासाठीच उभारले गेले. विद्युतभार नसलेले पाण्याचे छोटे समूह वस्तुमानानुसार वेगळे काढणे अवघड असते. तिथे रेणू मोडू न देता जेमतेम एक इलेक्ट्रॉन काढता येतो, मग विद्युतभार मिळालेल्या समूहाचे वजन कळते आणि आधी दिलेल्या अवरक्त स्पंदामुळे त्यातील हायड्रोजन बंधांची, म्हणजे पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्यांची, मांडणीही उलगडते. तिथल्याच 2021 च्या प्रयोगात, 90 ते 110 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात पाण्याचा रेणू दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अशा तीन अणूंत फुटत असल्याचे मोजले गेले. प्रकाशसंश्लेषण सुरू होण्यापूर्वी पृथ्वीच्या वातावरणातील थोडा ऑक्सिजन या मार्गाने आला असावा, असा त्यावरून निघणारा तर्क आहे.