मालिका-खुनांच्या तपासातील नवखी महिला अधिकारी : पार्श्वभूमी

गुन्हे शाखेत नुकतीच रुजू झालेली तरुण अधिकारी, वरिष्ठांनी निरनिराळ्या फायलींत बांधून ठेवलेले मृत्यू आणि त्या मृत्यूंना जोडणारा धागा सर्वांत आधी तिच्याच नजरेस पडणे, हे चित्र वाचकांच्या इतके परिचयाचे आहे की ते फार जुने असावे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्याचे दोन्ही घटक अलीकडचे आहेत. खुनाच्या तपासात स्त्रीला पूर्ण अधिकाराने घेणे आणि एकाच व्यक्तीने वेगवेगळ्या वेळी केलेल्या खुनांना गुन्ह्याचा स्वतंत्र प्रकार मानणे, या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात खऱ्या अर्थाने आकाराला आल्या. अमेरिकेत तर दोहोंना एकाच वर्षी गती मिळाली. तेथील केंद्रीय तपास संस्थेचे संचालक १९२४ पासून त्या पदावर होते. मे १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जुलैमध्ये, चार दशकांहून अधिक काळानंतर प्रथमच, दोन स्त्रिया विशेष अधिकारी म्हणून प्रशिक्षणाला दाखल झाल्या. त्यांपैकी एक पूर्वी ख्रिस्ती जोगीण (नन) होती, तर दुसरी मरीन दलातून आलेली होती. त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्यातील क्वांटिको येथे संस्थेची नवी अकादमी सुरू झाली आणि तिच्यात वर्तनशास्त्राचा विभाग स्थापन झाला. पुढे मालिका-खुनांविषयीची बरीचशी परिभाषा याच विभागातून जगभर गेली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. शिकागोतील एका खाजगी गुप्तहेर संस्थेने १८५६ मध्ये एका तरुण विधवेला कामावर घेतले. लंडनमध्ये १८६४ साली स्त्री गुप्तहेराच्या तोंडून सांगितलेली दोन पुस्तके निघाली, तेव्हा तेथील पोलीस दलात एकही स्त्री नव्हती. न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली बँकेच्या लुटीचा छडा लावण्यासाठी मोलकरणीच्या वेशात वावरलेल्या एका महिलेला वरच्या श्रेणीच्या गुप्तहेराचा दर्जा मिळाला. या उदाहरणांचा गौरव अनेकदा होतो, परंतु स्त्रियांना नेमून दिलेले काम ठरावीकच होते : वेशांतर, महिला आरोपींची झडती आणि स्त्रिया व मुले यांचे जबाब. लंडनच्या गुन्हे शाखेत १९२० च्या दशकात घेतलेल्या पहिल्या महिलेकडेही अत्याचारग्रस्त स्त्रियांचे आणि मुलांचे जबाब नोंदवण्याचेच काम होते. खून हा तिचा विषय नव्हता.

हे वेगळेपण १९७० च्या दशकात मोडले. अमेरिकेत १९७२ च्या कायदेदुरुस्तीने सरकारी नोकऱ्यांतही लिंगभेदाला बंदी आली. लंडनच्या दलाने १९७३ मध्ये महिलांची स्वतंत्र शाखा बंद करून त्यांना मुख्य दलात सामावून घेतले आणि दोन वर्षांनी लिंगभेदविरोधी कायदा झाला. स्वतंत्र शाखा गेल्या तशा महिलांच्या बढतीच्या स्वतंत्र वाटाही गेल्या, आणि जबाब घेण्याचे जे कौशल्य त्या शाखांनी पन्नास वर्षांत कमावले होते ते विखुरले गेले. समान अधिकारामुळे झालेला लाभ या हानीपेक्षा निःसंशय मोठा होता. तरीही हानी झालीच नाही असे म्हणता येत नाही, कारण पुढील दशकातील मालिका-खुनांच्या तपासात नेमके हेच कौशल्य कमी पडलेले दिसते.

आता मालिका-खून या संज्ञेकडे वळावे लागेल, कारण नवख्या अधिकाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी या संज्ञेवरच ठरते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात १९२९ मध्ये झालेल्या हत्यांवर बर्लिनच्या खून विभागाच्या प्रमुखाने १९३० साली लिहिताना मालिका-खुनी या अर्थाचा जर्मन जोडशब्द वापरला. त्या प्रकरणात कात्री, सुरी, हातोडा अशी हत्यारे बदलत होती. बळींमध्ये स्त्रिया, मुले आणि पुरुषही होते. आणि त्यामुळे हल्लेखोर एकापेक्षा अधिक असावेत असे पोलिसांना बराच काळ वाटत राहिले. शब्द जन्माला आला तोच या अडचणीतून. पुढे तो इंग्रजीत गेला आणि १९६६ च्या एका ब्रिटिश पुस्तकातही छापून आला. तरीसुद्धा त्याचे श्रेय सर्रास क्वांटिकोतील एका अधिकाऱ्याला दिले जाते. इंग्लंडच्या पोलीस महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेलो असताना मालिकेने घडणारे गुन्हे असा शब्दप्रयोग कानी पडला आणि बालपणी पाहिलेल्या, प्रत्येक भाग अर्धवट तोडणाऱ्या चित्रपट-मालिकांची आठवण झाली, असे त्या अधिकाऱ्याने नंतर सांगितले. संज्ञा रूढ करण्याचे श्रेय त्याला देणे योग्य आहे. ती निर्माण करण्याचे श्रेय देणे योग्य नाही.

खरा गुंता संख्येचा आहे. किती खून झाले म्हणजे मालिका झाली? क्वांटिकोतून १९९२ मध्ये निघालेल्या वर्गीकरणाच्या पुस्तिकेत तीन किंवा अधिक वेगळ्या घटना, तीन किंवा अधिक वेगळी ठिकाणे आणि दोन घटनांच्या मध्ये खुनी शांत होण्याचा काळ, अशा अटी होत्या. अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यानेही तीनची संख्या कायम ठेवली; मात्र केंद्रीय संस्थेने स्थानिक पोलिसांना मदत केव्हा द्यावी एवढेच ठरवण्यापुरती ती व्याख्या होती. पुढे २००५ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे १३५ तज्ज्ञ एकत्र आले. त्या चर्चेवर आधारित आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने संख्या दोनवर आणली आणि शांततेच्या काळाची अट काढून टाकली. एकाच किंवा त्याच गुन्हेगारांनी वेगवेगळ्या प्रसंगी दोन किंवा अधिक व्यक्तींची बेकायदा हत्या करणे, इतकीच व्याख्या उरली.

अभ्यासकांपैकी अनेकांना हा बदल आजही मान्य नाही. दोन खून करणारे अनेक असतात, त्यांचे हेतू भिन्न असतात, आणि सर्वांना एका संज्ञेखाली घेतल्यास तुलनेला अर्थ राहत नाही, हा त्यांचा आक्षेप संशोधनाच्या दृष्टीने रास्त आहे. परंतु तपासाच्या दृष्टीने विचार केला तर तीनची अट घातक होती. तिच्यानुसार दुसऱ्या मृतदेहाजवळ उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने व्यक्त केलेला संशय हा केवळ तर्क ठरतो, आणि तो सिद्ध होण्यासाठी आणखी एका व्यक्तीला जीव गमवावा लागतो. व्याख्या मोजणीसाठी तयार झाली आणि नकळत मनुष्यबळ मंजूर करण्याची कसोटी बनली. पदाने ज्येष्ठ असलेला अधिकारी अनुभवाच्या जोरावर ती कसोटी बाजूला ठेवू शकतो. नवख्या अधिकाऱ्याला, त्यातही नव्यानेच दलात सामावलेल्या स्त्रीला, ती मोकळीक नव्हती. म्हणूनच दोनची संख्या हा या लेखकाला अधिक जबाबदार निर्णय वाटतो.

मराठीतही हा गुंता उतरला आहे. मालिका-खून, साखळी-हत्या, क्रमिक हत्या असे पर्याय वापरले जातात आणि बोलताना सीरियल किलर हेच चालते. मालिका म्हटले की ती पहिल्यापासून तशीच रचलेली होती असे वाटते, तर साखळी म्हटले की कड्या कोणीतरी जोडल्या आहेत हे ध्यानात येते. तपासात घडते ते दुसरे : खून सुटे सुटे समोर येतात आणि त्यांची साखळी नंतर कागदावर तयार होते. ठाण्या-ठाण्यांतील ही जोडणी न होण्याला एका अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये दुव्यांविषयीचे अंधत्व असे नाव दिले.

ज्ञानाचा पायाही एकांगी होता. क्वांटिकोतील अधिकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तुरुंगांत जाऊन ज्या ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या ते सर्व पुरुष होते, आणि त्यांतील २५ जणांनाच मालिका-खुनी म्हटले गेले. सुरुवातीला या मुलाखती बऱ्याचशा गप्पांच्या स्वरूपाच्या होत्या. त्यांना प्रश्नावलीची आणि नोंदीची शिस्त लावण्यात बोस्टनच्या एका परिचर्या-प्राध्यापिकेचा वाटा मोठा होता. तिने त्याआधी शहरातील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात वर्षभर थांबून बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या १४६ रुग्णांशी बोलून, त्यांचा पाठपुरावा करून संशोधन केले होते. पीडितेचे म्हणणे नीट ऐकण्याची पद्धत अशा प्रकारे पोलीस दलाबाहेरच्या स्त्रीने आणली, आणि या विषयाच्या इतिहासात तिला मिळणारी जागा तिच्या कामाच्या मानाने कमीच आहे.

हे ऐकणे न झाल्यास काय होते हे इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात दिसले. तेथे आणि शेजारच्या भागात १९७५ ते १९८० या काळात एका माणसाने १३ स्त्रियांचा खून केला. तपास पथकाने त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. माहिती हाताने लिहिलेल्या कार्डांवर साठवली जात होती आणि एका चौकशीचे कार्ड दुसऱ्या चौकशीच्या वेळी समोर येत नव्हते. त्यातच खुनी म्हणवणाऱ्या एका तोतयाची पत्रे आणि ध्वनिफीत खरी मानून संशयितांना बोलीच्या लकबीवरून वगळले गेले. या चुकांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यांहून मूलभूत चूक वर्गवारीची होती. ही वेश्यांच्या खुनांची मालिका आहे असे पथकाने आरंभीच ठरवले. परिणामी १९७५ मध्ये हल्ल्यातून वाचलेल्या एका १४ वर्षांच्या मुलीने हल्लेखोराचे बरेच अचूक वर्णन दिले, त्यावरून चेहऱ्याचे चित्रही तयार झाले, पण तिचे प्रकरण मालिकेत धरले गेले नाही. वर्णन उपलब्ध होते, ते सांगणारी साक्षीदार उपलब्ध होती. ठरलेल्या चौकटीत तिला जागा नव्हती.

अखेर जानेवारी १९८१ मध्ये शेफील्ड शहरात एका सार्जंटने आणि उमेदवारीच्या काळातील एका शिपायाने उभ्या मोटारीची नंबरप्लेट तपासली, तेव्हा ती दुसऱ्याच वाहनाची निघाली. अटकेपूर्वी त्या माणसाने लघवीच्या निमित्ताने थोडे बाजूला जाऊ देण्याची विनंती केली होती. ही बाब सार्जंटला दुसऱ्या दिवशी खटकली. तो त्या जागी परत गेला, आणि तेलाच्या टाकीजवळ त्याला हातोडा व सुरी सापडली. नंतरच्या शासकीय आढाव्यातून मोठ्या गुन्ह्यांची माहिती संगणकावर एकत्र ठेवण्याची ब्रिटिश यंत्रणा १९८० च्या दशकाच्या मध्यात उभी राहिली. अमेरिकेनेही १९८५ मध्ये हिंसक गुन्ह्यांची राष्ट्रीय नोंद सुरू केली, मात्र स्थानिक ठाण्यांनी तिचा लांबलचक अर्ज भरणे ऐच्छिक ठेवले.

नवखी महिला अधिकारी प्रत्यक्ष मालिका-खुनांच्या तपासात आढळते ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किंग परगण्यात. ऑगस्ट १९८२ मध्ये सिअॅटलच्या दक्षिणेकडील नदीत स्त्रियांचे मृतदेह सापडले, तेव्हा काठावर पोहोचलेल्यांत गस्तीवरील एक अगदी नवी महिला अधिकारी होती. पुढे ती तपास पथकात गेली. १९८७ मध्ये एका संशयिताने चघळलेला गॉजचा तुकडा जपून ठेवलेला होता; डीएनए तपासणीचे तंत्र पुरेसे प्रगत झाल्यावर २००१ मध्ये त्याच तुकड्याने त्याला पकडून दिले. त्यानंतर २००३ मध्ये महिनोन्‌महिने समोर बसून त्याच्याकडून कबुली घेणाऱ्या अधिकाऱ्यांत तीही होती. त्याने ४८ खून मान्य केले आणि आणखी एक २०११ मध्ये. नदीकाठापासून कबुलीपर्यंत २१ वर्षे गेली, म्हणजे तिची बहुतेक सेवाच.

कल्पित कथांनी हा काळ काही दिवसांवर आणला. पडद्यावर १९९१ या एकाच वर्षी अकादमीतील प्रशिक्षणार्थी तरुणीचा अमेरिकन चित्रपट आणि खुनाच्या तपासाची सूत्रे झगडून मिळवणाऱ्या ज्येष्ठ महिला अधिकाऱ्याची ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका आली. दोहोंपैकी नंतरच्या लेखकांनी पहिलीचा नवखेपणा आणि दुसरीचा कार्यालयातील संघर्ष उचलला आणि एकत्र केला. आजचे परिचित पात्र त्या मिश्रणातून घडले आहे.

या पात्राच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या एका वस्तीतून १९९० च्या दशकात एकामागून एक स्त्रिया नाहीशा होत होत्या. मृतदेह नसल्यामुळे खुनांची मोजणीच सुरू झाली नाही, आणि मालिका-खुनी असण्याची शक्यता दलातीलच एका तज्ज्ञाने १९९८ मध्ये मांडली तेव्हा ती स्वीकारली गेली नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये शहराबाहेरच्या डुक्कर-पालनाच्या वाडीवर झडती झाली ती बेकायदा शस्त्रांसाठी, आणि तिचे वॉरंट मिळवणारा शिपाई दलात नवा होता. झडतीत दम्याचे एक इनहेलर सापडले आणि त्यावर बेपत्ता स्त्रियांपैकी एकीचे नाव होते. शेफील्डप्रमाणे येथेही नवखा अधिकारी पुरुष होता. दोन्ही ठिकाणी त्याच्या हाती लागले ते मोठ्या तपासाने आपल्या कक्षेबाहेर ठेवलेले काम. बेपत्ता व्यक्तींची नोंद हे असेच एक काम, आणि स्त्रियांचे जबाब हे दुसरे. महिला अधिकाऱ्यांकडे ही दोन्ही कामे पन्नास वर्षे दुय्यम म्हणून सोपवली जात होती.