सीएसआर आणि पीपीपी: पैसा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

कंपनीच्या पैशातून तलावातला गाळ निघाला, की बातमी येते, ‘सरकार आणि उद्योगांची भागीदारी’. खासगी कंपनीने शहराचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारलं, तरी बातमी तीच. पहिलं काम सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं; दुसरं पीपीपीचं, म्हणजे सरकारी यंत्रणा आणि खासगी कंपनी यांच्यातल्या करारावर चालणाऱ्या भागीदारीचं. शाश्वत विकासाच्या चर्चेत दोन्ही एका दमात घेतली जातात, आणि त्यामुळे नागरिक चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारत बसतात.

सीएसआर कायद्याने येतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी अट पूर्ण झाली, तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते. हा पैसा कंपनीकडे परत येत नाही. त्यातून उभी राहिलेली मालमत्ताही कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. मात्र कोणतं काम घ्यायचं, हे संचालक मंडळ ठरवतं. ग्रामसभा विनंती करू शकते, हक्क सांगू शकत नाही.

पीपीपीत कंपनी कमवायला येते, आणि त्यात वावगं काही नाही. नागपूरच्या भांडेवाडीत रोज २० कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र याच पद्धतीने उभं राहिलं. ते पाणी महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीच्या कोराडी आणि खापरखेडा औष्णिक केंद्रांना विकलं जातं. पाण्याला कायमचं गिऱ्हाईक आहे, म्हणून गुंतवणूक वसूल होते आणि वीजनिर्मितीसाठी लागणारं ताजं पाणी वाचतं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण इथे पर्यावरणाचं भलं कोणाच्या दानतीवर अवलंबून नाही. ते व्यवहारातच बसवलेलं आहे.

पण याच नागपुरात २०१२ पासून घरगुती पाणीपुरवठाही २५ वर्षांच्या करारावर खासगी कंपनीकडे आहे, आणि तिथे मीटर व बिलांवरून वाद झाले. कारखाना दराची घासाघीस करू शकतो, झोपडपट्टीतलं कुटुंब करू शकत नाही. म्हणून पीपीपीत करार वाचणं सर्वांत महत्त्वाचं: दर कोण वाढवणार, तोटा कोण सोसणार, मुदत संपल्यावर यंत्रणा कोणत्या अवस्थेत परत मिळणार. करारात महापालिका असते, त्यामुळे तिच्याकडे माहितीच्या अधिकारात प्रत मागता येते.

सीएसआरमध्ये असा करार नागरिकांच्या हातात सहसा नसतो. २०२१ च्या नियमांनुसार कंपनीला मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात, तेवढा धागा मिळतो. म्हणूनच एकदा करून संपणाऱ्या कामाला सीएसआर शोभतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनेत तो चपखल बसतो: यंत्रं आणि इंधनाला मदत मिळते, गाळ शेतकरी आपल्या शेतात नेतो.

रोज चालवावी लागणारी गोष्ट मात्र वेगळी. गावात पाणी शुद्धीकरणाचं यंत्र सीएसआरमधून येत असेल, तर ग्रामपंचायतीने ते स्वीकारण्याआधीच ठरवावं: तिसऱ्या वर्षी फिल्टर कोण बदलणार, वीजबिल कोण भरणार, आणि ती रक्कम पंचायतीच्या अंदाजपत्रकात कुठे दाखवणार.