केंब्रिज विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचा हा विभाग आजच्या रूपात १९८० साली अस्तित्वात आला. भूशास्त्र, खनिजशास्त्र व अश्मविज्ञान, आणि भूगणित (पृथ्वीचा आकार मोजण्याचे शास्त्र) व भूभौतिकी हे तीन वेगवेगळे विभाग तेव्हा एक झाले. रॉन ऑक्सबर्ग हे त्याचे पहिले प्रमुख. घराणे मात्र जवळजवळ तीनशे वर्षे जुने आहे आणि त्याची सुरुवात एका मृत्युपत्रापासून होते.

लंडनचे वैद्य जॉन वुडवर्ड १७२८ मध्ये वारले. जन्मभर जमवलेले जीवाश्म आणि खनिजे त्यांनी अक्रोडाच्या लाकडाच्या कपाटांत नीट मांडून, नोंदी करून ठेवली होती. त्यांतील काही कपाटे त्यांनी विद्यापीठाला दिली, उरलेली विद्यापीठाने विकत घेतली. व्याख्यात्याच्या पगाराचीही सोय त्यांनी करून ठेवली, पण एक अट घातली : माणूस अविवाहित हवा. संसारात पडलेला माणूस दगडांकडे लक्ष देणार नाही, अशी त्यांची धारणा असावी. या अटीमुळे विद्यापीठाचे नुकसानच झाले. भूकंपाचा धक्का लाटांच्या रूपाने पसरतो असे १७६० मध्ये मांडणारे जॉन मिचेल या पदावर जेमतेम दोन वर्षे टिकले. १७६४ मध्ये त्यांनी लग्न केले आणि अध्यासन सोडले. ज्याच्यातून प्रकाशही निसटू शकणार नाही अशा ताऱ्याची कल्पना पुढे याच मिचेलनी केली. जॉन हेलस्टोन यांनीही १८१८ मध्ये लग्नापायी जागा रिकामी केली.

त्या जागी आले ॲडम सेजविक (१७८५–१८७३). निवड झाली तेव्हा त्यांना भूशास्त्र फारसे येत नव्हते. ते गणिताचे आणि धर्मोपदेशक. पण पुढची ५५ वर्षे त्यांनी ही खुर्ची सांभाळली आणि वेल्सचे डोंगर पायी पालथे घातले. पृथ्वीच्या इतिहासातील एका प्राचीन कालखंडाला कँब्रियन हे नाव त्यांनी १८३५ मध्ये दिले. भूशास्त्रज्ञ रॉडरिक मर्चिसन यांचा सिल्युरियन हा कालखंड त्याच सुमारास पुढे आला, आणि दोघांच्या सीमा एकमेकींवर चढल्या. मधले थर कोणाचे, यावरून दोन जिवलग मित्रांची मैत्री कायमची तुटली. बांधावरून भाऊबंदांत जुंपावी तसेच हे. दोघेही गेल्यावर, १८७९ मध्ये, चार्ल्स लॅपवर्थ यांनी वादातल्या थरांना ऑर्डोव्हिसियन हे तिसरेच नाव देऊन तोडगा काढला. लॅपवर्थ तेव्हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे शाळामास्तर होते, आणि त्या शाळेचे नाव होते मद्रास कॉलेज!

१८३१ च्या उन्हाळ्यात सेजविक यांनी तरुण चार्ल्स डार्विनला वेल्समध्ये बरोबर नेले. कुम इडवल या दरीत दोघे तासन्‌तास जीवाश्म शोधत होते. खडकांवरचे ओरखडे, इकडेतिकडे विसावलेले प्रचंड धोंडे, हिमनदीने मागे टाकलेले ढीग हे सगळे डोळ्यांसमोर होते. दोघांनाही ते दिसले नाही. हिमयुगाची कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. आपल्याला तेव्हा हे कसे दिसले नाही, याचे नवल डार्विननी नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे. बीगल जहाजावरील सफरीत त्यांनी गोळा केलेले खडक आज केंब्रिजमध्येच आहेत. सेजविक यांनी मात्र शिष्याचा उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत मानला नाही.

त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले सेजविक संग्रहालय १९०४ मध्ये राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते उघडले. त्यासाठी खटपट केली ती पुढचे प्राध्यापक टॉमस मकेनी ह्यूज यांनी. ह्यूज विवाहित होते. अविवाहितपणाची अट तोवर गेली होती. स्त्रियांवरची बंधने मात्र होती. ग्रॅप्टोलाइट या नामशेष सागरी जीवांवर एथेल वुड यांच्यासह मोठा प्रबंध (१९०१–१८) सिद्ध करणाऱ्या गर्ट्रूड एल्स १९२६ मध्ये केंब्रिजच्या पहिल्या स्त्री-रीडर (प्राध्यापकाच्या खालोखालचे पद) झाल्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती त्यानंतर २२ वर्षांनी.

खनिजशास्त्राची शाखा वेगळी वाढली. स्फटिकाच्या पृष्ठांना तीन आकड्यांनी ओळखण्याची विल्यम मिलर यांची पद्धत (१८३९) जगभरच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ करावी लागते.

विभागाची खरी कीर्ती झाली ती सर्वांत धाकट्या शाखेमुळे, आणि तिचा भारताशी निकटचा संबंध आहे. भूगणित व भूभौतिकी विभाग सुरू करणारे जेरल्ड लेनॉक्स-कनिंगहॅम हे भारतीय सर्वेक्षण खात्यातून निवृत्त होऊन आलेले अधिकारी. लंबकाने गुरुत्वाकर्षण मोजण्याचे काम त्यांनी भारतात केले होते. १९५० च्या दशकारंभी टेड अर्व्हिंग या संशोधक विद्यार्थ्याने दख्खनच्या बेसाल्टचे काही नमुने मिळवले. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची खूण धरून ठेवतात. त्या खुणेवरून भारत दक्षिणेकडून हजारो किलोमीटर सरकत आणि वळत आला, असे दिसले. अर्व्हिंगचा प्रबंध मात्र परीक्षकांनी नापास केला. विषय इतका नवा होता की तो पारखणारेच नव्हते. केंब्रिजचेच हॅरल्ड जेफ्रीज, पृथ्वीचा गाभा द्रव असल्याचे १९२६ मध्ये दाखवणारे थोर गणिती, यांनी तर खंडविप्लव, म्हणजे खंड सरकतात हा विचार, जन्मभर नाकारला.

१९६२ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ओवेन या सर्वेक्षण जहाजाने वायव्य हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर चुंबकीय मोजणी केली. तिचे काम ड्रमंड मॅथ्यूज यांच्याकडे होते. आकडे उलगडायला बसले त्यांचे नवे विद्यार्थी फ्रेड व्हाइन. तेथील दोन समुद्री डोंगरांचे चुंबकत्व व्हाइन यांनी संगणकावर तपासले. एकाचे आजच्या क्षेत्राप्रमाणे निघाले, दुसऱ्याचे बरोबर उलटे. सागरतळ मधल्या भेगेतून दोन्ही बाजूंना पसरत असेल आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करत असतील, तर रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट पट्टे उमटायलाच हवेत, असा निष्कर्ष त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ली हेच स्वतंत्रपणे सांगत होते. त्यांचा लेख नियतकालिकांनी परत पाठवला. १९६५ मध्ये एडवर्ड बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकच्या दोन्ही काठांचे खंड संगणकाने जुळवून दाखवले. १९६७ मध्ये डॅन मकेन्झी यांनी रॉबर्ट पार्कर यांच्यासह गोलावर सरकणाऱ्या भूपट्टांचे, म्हणजे पृथ्वीच्या बाह्यकवचाच्या प्रचंड तुकड्यांचे, गणित मांडले, आणि १९७१ मध्ये जॉन स्क्लेटर यांच्याबरोबर हिंदी महासागर कसा उघडत गेला याचा आलेख दिला. भूशास्त्रावरचे हे सर्वांत मोठे ऋण. बाकीची कामे त्यापुढे दुय्यम वाटतात.

तरी दोन नावे टाळता येत नाहीत. निक शॅकलटन यांनी सागरतळाच्या गाळातील सूक्ष्म कवचांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) हिमयुगांची लय पृथ्वीच्या कक्षेतील बदलांशी जुळवली (१९७६, जेम्स हेज व जॉन इंब्री यांच्यासह). हा माणूस क्लॅरिनेटही जमवायचा. दुसरे हॅरी व्हिटिंग्टन. कॅनडातील बर्जेस शेल या कँब्रियन काळातील खडकातल्या जीवाश्मांचा त्यांनी फेरअभ्यास मांडला. पाच डोळ्यांच्या, पुढे सोंड असलेल्या ओपाबिनिया या प्राण्याचे चित्र त्यांनी एका परिषदेत दाखवले तेव्हा सभागृह हसले होते. त्यांचे विद्यार्थी सायमन कॉनवे मॉरिस यांनी १९७७ मध्ये हॅल्युसिजेनिया या प्राण्याचे वर्णन केले, तो काट्यांवर चालणारा म्हणून. १९९१ मध्ये चीनमधील जीवाश्मांवरून कळले की चित्र उलटे धरले होते : काटे पाठीवर होते आणि पाय खाली.