एक्सचेंज सेमिस्टरला बाहेर जायचंय? नागपूरच्या पोरापोरींसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

एक्सचेंज म्हणजे डिग्री इथलीच, नाव इथल्याच कॉलेजात, फक्त एक सेमिस्टर बाहेरच्या विद्यापीठात शिकायचं आणि तिथले क्रेडिट इकडे धरले जातात. दोन्ही संस्थांचा करार असेल तर सहसा ट्यूशन फी इथलीच भरायची, तिथली माफ. राहणं, खाणं, इन्शुरन्स, तिकीट मात्र आपल्या खिशातून. सीताबर्डी-धरमपेठेत कन्सल्टन्सीचे बोर्ड भरपूर दिसतात, पण करारावरच्या जागेसाठी नॉमिनेशन तुमचं कॉलेजच करतं, त्यामुळे एजंटला पैसे द्यायचं काही कारण नाही.

पहिलं काम म्हणजे कॉलेजच्या इंटरनॅशनल रिलेशन्स सेलमध्ये जाऊन कोणकोणत्या विद्यापीठांशी चालू करार आहे आणि तुमच्या ब्रँचसाठी जागा आहेत का ते विचारा. वेबसाइटवरच्या यादीवर जाऊ नका, त्यात मुदत संपलेले करारही असतात. पात्रता जागेप्रमाणे बदलते, पण जवळपास सगळीकडे पहिलं वर्ष झालेलं पाहिजे, बॅकलॉग नको आणि सीजीपीए बरा हवा. आयईएल्ट्स, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, सगळीकडे लागत नाही, बऱ्याच ठिकाणी शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आहे असं कॉलेजचं पत्र चालतं. इरॅस्मसचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या एक्सचेंज योजनेचा, पैसा हवा असेल तरी तो थेट मागता येत नाही, तुमच्या कॉलेजचा युरोपातल्या विद्यापीठाशी तसा प्रोजेक्ट असेल तर कॉलेजमार्फतच अर्ज जातो.

कोणत्या सेमिस्टरला जायचं हे नीट ठरवा, काहून की गाडी इथेच अडते. अमेरिकेतलं फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपतं, ते आपल्या विषम सेमिस्टरशी बरोबर जुळतं. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, लेक्चर फेब्रुवारीपर्यंत आणि त्यानंतर परीक्षा, म्हणजे इकडे जानेवारीत सम सेमिस्टर सुरू झालं तरी तुम्ही तिकडेच. इंजिनिअरिंगवाल्यांनी सातवं सेमिस्टर टाळावं, कॅम्पस प्लेसमेंट तेव्हाच सुरू होतं. पाचवं किंवा सहावं बरं पडतं.

आता खरं काम, लर्निंग अॅग्रीमेंट. लोक व्हिसाचं टेन्शन घेतात आणि हा कागद घाईत भरतात, माझ्या मते उलटं पाहिजे. यात एका बाजूला तिकडे घेणार ते विषय आणि त्यांचे क्रेडिट (युरोपात क्रेडिट ईसीटीएसमध्ये मोजतात), दुसऱ्या बाजूला त्याबदल्यात इथले कोणते विषय सुटणार ते लिहायचं. युरोपात पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं असतं, आपल्याकडे साधारण २० ते २२ क्रेडिट, त्यामुळे ६ ईसीटीएसचा विषय इथल्या किती क्रेडिटचा धरणार हे आधीच ठरलं पाहिजे. दोन्हीकडचा सिलॅबस जोडून एचओडी आणि डीनची सही घ्या. "जाऊन ये, मग बघू" असं कोणी तोंडी म्हणालं तर थांबा, कागदावर घ्या. व्हीएनआयटीसारखी संस्था किंवा ऑटोनॉमस कॉलेज हे आपल्या पातळीवर ठरवू शकतं, पण नागपूर विद्यापीठाच्या साध्या संलग्न कॉलेजात असाल तर परीक्षा विद्यापीठाची असते, म्हणून विद्यापीठाचीही लेखी मंजुरी लागेल, नाहीतर इथल्या पेपरला गैरहजर म्हणून बॅकलॉग लागायचा धोका.

कॉलेजने नॉमिनेट केलं की बाहेरचं विद्यापीठ अर्जाची लिंक पाठवतं. त्याला पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, सीव्ही, मोटिव्हेशन लेटर, एखादं शिफारसपत्र आणि सही झालेलं लर्निंग अॅग्रीमेंट लागतं. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज टाका, ३६ पानांचा साधा १५०० रुपये, तत्काळ ३५००, आणि दहावीची सनद जोडली की नॉन-ईसीआर, म्हणजे परदेशी जाताना वेगळी इमिग्रेशन परवानगी न लागणारा, मिळतो.

नावाकडे मात्र बारीक लक्ष द्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकीचं दुसऱ्या रकान्यात. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही असं झालं की तिकडची ऑफिसं विचारत बसतात, म्हणून पासपोर्टचा फॉर्म भरतानाच हे ठरवा आणि पुढचा प्रत्येक अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा. फरक राहिलाच तर नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

व्हिसा शेवटी. शेंगेन देशात (जर्मनी-फ्रान्ससारखे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर टुरिस्टवाला चालत नाही, त्या देशाचा लाँग-स्टे व्हिसा किंवा परमिट काढावं लागतं. जर्मनीसाठी महिना ९९२ युरो दाखवायचे, सहा महिन्यांचे ५९५२, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते) किंवा स्कॉलरशिपच्या पत्राने. फ्रान्सला आधी कॅम्पस फ्रान्स या तिकडच्या सरकारी संस्थेची प्रक्रिया आणि मग व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात जायचं. अमेरिकेला जे-१ व्हिसा, तिकडचं विद्यापीठ डीएस-२०१९ हा पात्रतेचा कागद पाठवतं, मग २२० डॉलर सेव्हिस फी (विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा फॉर्म आणि मुलाखत, त्यासाठी मुंबईला जावं लागेल, दुरोंतोची तिकिटं हाती ठेवा. फोटोचं मापही वेगळं, शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला ५१ बाय ५१.

पैशाच्या कागदात बाबांचे आयटीआर, बँक स्टेटमेंट आणि खर्च उचलण्याचं पत्र. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला भाषांतर करून जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात कुठून तरी मोठी रक्कम टाकू नका, शंका येते, एफडी मोडली किंवा लोन घेतलं असेल तर त्याचा कागद सोबत द्या. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पूर्ण मास्टर्स किंवा पीएचडीसाठी आहे, एका सेमिस्टरसाठी तिच्या भरवशावर राहू नका.

तिकडे पोहोचल्यावर एखादा विषय बदलला, आणि बऱ्याच जणांचा बदलतोच, तर लर्निंग अॅग्रीमेंटमध्ये बदल करून इकडच्या एचओडीची सही लगेच मेलवर मागवा. परतताना ट्रान्सक्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स, म्हणजे तिकडची मार्कशीट, हातात पडेलच असं नाही, निकालानंतर ते काही आठवड्यांनी येतं, म्हणून निघायच्या आधीच परीक्षा विभागाला लेखी कळवून ठेवा, म्हणजे पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन त्यापायी अडणार नाही.